छोट्या होडीला किती फायबर?

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत बँकेत नोकरी करतो. गेल्या वर्षी घरीच ट्रॉलरचं मॉडेल बनवलं. खरी बोट ४८ फुटी, मॉडेल १:२० चं, म्हणजे साधारण ७३ सेंटिमीटर. प्लायच्या फ्रेम, वर शिवण लाकडाच्या पातळ पट्ट्या, जोड पांढऱ्या फेविकॉलचे, आत मोटर आणि रिमोट. तळ्यात तासभर चालवली आणि घरी येऊन वाळत ठेवली, तर आठवड्यात पट्ट्यांचे जोड केसाएवढे उघडले. मिरकरवाड्यात होड्यांना फायबर मारणारे एक मिस्त्री ओळखीचे आहेत. त्यांनी ४५० ची मॅट (काचेच्या तंतूंची चटई) आणि पॉलिस्टर रेझिन दिलं आणि म्हणाले, दोन थर मारा, जन्मात गळणार नाही. मारू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नका मारू. मिस्त्रींनी तुम्हाला फसवलेलं नाही, त्यांनी त्यांच्या रोजच्या कामाचं सांगितलं. होड्या बांधायच्या आमच्या शेडमध्येही हेच चालतं : ४५० ची मॅट, पॉलिस्टर, ब्रश, लोखंडी रोलर. पण मोठ्या होडीचा हिशेब अडीच फुटी होडीला लागत नाही.

तुमचं मॉडेल लांबीला वीस पटीने लहान आहे. वजनाला मात्र ते वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे आठ हजार पटीने लहान असायला हवं. खरी बोट २४ टनांची धरली तर मॉडेल सगळं सामान धरून ३ किलोचं झालं. त्याहून जड झालं की ते खोल बसणार आणि रंगवलेली पाणरेषा पाण्याखाली जाणार. आता तुमच्या होडीची बाहेरची बाजू धरू पाव चौरस मीटर. ४५० ची मॅट म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम. दोन थरांची नुसती काच झाली सव्वादोनशे ग्रॅम. मॅट स्वतःच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पिते. म्हणजे एकूण पाऊण किलोच्या आसपास, तीन किलोच्या होडीवर! शिवाय यातलं बरंचसं वजन पाण्याच्या वर, बाजूंना. जे वजन बॅटरीच्या रूपाने तळाशी ठेवायचं ते तुम्ही वर चढवून ठेवणार. वळताना होडी आडवी झाली तर नवल नाही. जाडीचं म्हणाल तर दोन थर म्हणजे दोन मिलिमीटर, खऱ्या बोटीवर चार सेंटिमीटर. तुमच्या पट्ट्यांच्या रेषा, नाळेची (पुढच्या टोकाची) धार, सगळं त्याखाली गडप.

मॉडेलला फायबर मजबुतीसाठी लागते हा समज आधी डोक्यातून काढा. तुमच्या फ्रेम आणि पट्ट्या पुरेशा मजबूत आहेत. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं, वाळलं की आकसतं, आणि त्या ओढाताणीत जोड सुटतो. त्यात पांढरा फेविकॉल पाण्यात मऊ पडतो. (पुढच्या होडीला फेविकॉल मरीन घ्या.) काचकापडाने दोन गोष्टी साधायच्या : पाणी लाकडापर्यंत जाऊ द्यायचं नाही आणि जोड हलू द्यायचा नाही. एवढ्याला ५० ते १०० ग्रॅमचं विणलेलं कापड पुरतं. एकच थर. ८० ग्रॅमचं कापड तुमच्या होडीला वीस ग्रॅम होईल, तेवढंच रेझिन, वर भरणीचे, म्हणजे विण बुजवायला नुसत्या रेझिनचे, दोन हात. घासून झाल्यावर सगळं मिळून ७० ग्रॅम. मॅटच्या दशांश. असं बारीक कापड होडीवाल्यांच्या दुकानात सहसा मिळत नाही. मॉडेल विमानांचं सामान विकतात त्यांच्याकडे विचारा.

रेझिन इपॉक्सी घ्या. पॉलिस्टर सुकताना आकसतं आणि लाकडाला त्याची पकड बेताची. पूर्ण फायबरच्या होडीत त्याला लाकूड धरायचंच नसतं, साचा असतो, म्हणून तिथे ते स्वस्तात काम करतं. जुन्या लाकडी होडीवर, त्यातून ओलसर लाकडावर मारलेलं पॉलिस्टर दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रा होऊन सुटतं, ते आम्ही नेहमी बघतो. मॅटचं आणखी एक : तिचे तुकडे ज्या चिकटीने एकत्र धरलेले असतात ती बऱ्याचदा पॉलिस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रावकानेच विरघळते. इपॉक्सीत ती तशीच राहते आणि मॅट ताठ राहून कोपऱ्यात बसतच नाही. तेव्हा इपॉक्सी घेऊन त्यात मिस्त्रींची मॅट वापरू, असा मधला मार्गही काढू नका.

आता कामाला लागू. आधी होडी वाळवा. वाळली की नाही हे हाताला कळत नाही, वजनकाट्याला कळतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन-दोन दिवसांनी ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळली. उघडलेल्या जोडांत शिवणीचाच भुसा चाळून, इपॉक्सीत कालवून भरा. बाहेर सांडलेला फेविकॉल दिसेल तिथे खरवडून काढा, त्याच्यावर रेझिन आत मुरत नाही. मग १२० च्या पेपरने घासा. कीलची (तळाच्या कण्याची) कड, नाळ, मागच्या फळीचे कोपरे, जिथे जिथे धारदार कोन असेल तिथे तो दोन-तीन मिलिमीटर गोल करा. काचकापडाला टोकदार कोपरा वळत नाही, ते तिथे उभं राहतं आणि खाली हवा अडकते. पंख्याच्या दांड्याची आणि सुकाणूची नळी आधीच बसवून तोंडात मेण दाबा. कापड नळीवरून सरळ जाऊ द्या, भोक नंतर पाडा.

शिवण हलकं लाकूड, रेझिन अधाशासारखं पितं. म्हणून पहिला हात नुसत्या इपॉक्सीचा, जुन्या एटीएम कार्डाने खरवडून पातळ पसरलेला. हा हात संध्याकाळी द्या. सकाळी दिलात तर दुपारी लाकूड तापतं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगते आणि रेझिनमधून बुडबुडे वर येतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर रेझिनही. रात्रभर ठेवून सकाळी हलकं घासा.

कापड घडी घालून ठेवलेलं असेल तर घडीची रेघ शेवटपर्यंत दिसते, पाइपला गुंडाळलेलंच आणा. होडी पालथी ठेवा. दोन तुकडे करा, डावा आणि उजवा, आणि दोन्ही कीलवर सेंटिमीटरभर एकमेकांवर येऊ द्या. होडी घासते ती तिथेच, आयताच दुहेरी थर मिळतो. पुढे नाळेपाशी गोलाई जास्त असेल तर तिथलं कापड शिंपी कापतात तसं उरेब कापा, बिनसुरकुतीचं बसेल. कोरडंच कापड पसरून तळहाताने मधून बाहेर सारवा. वरच्या काठाला दोन-तीन सेंटिमीटर लोंबतं ठेवा.

रेझिन एका वेळी चाळीस ग्रॅमच करा. त्यात हार्डनर किती मिसळायचा ते प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. काही इपॉक्सींना वजनाने १०० ला १० हार्डनर लागतो, काहींना मापाने दोनास एक. वजनाचं माप कपाने मोजलं की काम बिघडलंच. दोन मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडून. आणि लगेच पसरट ताटलीत ओता. कपात ढीग करून ठेवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि हातात दगड राहतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे आणखी लवकर होतं.

ताटलीतलं रेझिन कापडावर मधोमध ओता आणि कार्ड जवळजवळ आडवं धरून टोकांकडे ओढत न्या. पांढरं कापड बघता बघता पारदर्शक होतं, खाली शिवणीच्या रेषा दिसतात. कुठे पांढरट ठिपका राहिला तर तिथे रेझिन कमी आहे किंवा हवा आहे. हे सगळ्यांना जमतं. यानंतरचं जमत नाही : थांबणं. कापड भिजलं की पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत दिसायला हवा, विणीची जाळी ओळखू यायला हवी. काचेसारखी चकाकी आली याचा अर्थ कापड रेझिनवर तरंगतंय. बघायला छान दिसतं म्हणून लोक आणखी ओततात, आणि मग तेच रेझिन काठाकडे ओघळून, गाठी होऊन सुकतं. जास्तीचं कार्डाने ओढून काढा. उरलेलं टिपायला टॉयलेट पेपरचा रोल होडीवरून हलक्या हाताने फिरवा, वरचा ओला पदर फाडून टाकत जा. हा उद्योग बघणाऱ्याला विनोदी वाटतो, पण होडीवर रेझिन नेमकं राहतं.

मागच्या कोपऱ्यांवर दहा-दहा मिनिटांनी नजर टाका. तिथे कापड उचललं जातं, बोटाने परत दाबायचं. तीन-चार तासांनी, किंवा तुमच्या हार्डनरला जितका वेळ लागेल तितक्याने, रेझिन रबरासारखं होतं. नख रुततं पण बोटाला चिकटत नाही. लोंबणारी कड त्या वेळी नव्या ब्लेडने कापा, लोण्यातून जावी तशी जाते. दुसऱ्या दिवशी तेच काम करवतीने करावं लागतं आणि काचेची कुसं हातात जातात ती वेगळीच. याच टप्प्यावर, रेझिन पुरतं टणक व्हायच्या आत, वरून भरणीचा पातळ हात द्या, विण बुजेल. लागलाच तर आणखी एक. कच्च्या थरावरच दुसरा हात बसला की मध्ये घासावं लागत नाही.

घासण्यापूर्वी होडी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने धुवा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पेपरमध्ये भरतो आणि रंग उडवतो. मग वॉटर पेपर, १८० आणि नंतर ३२०, पाणी लावूनच. घासताना पांढरे चमकते धागे दिसले की हात थांबवा, तुम्ही कापडाला लागलात. खड्डे असतील तिथे लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर, आणि त्यावर गाड्यांचा ड्युको रंग चालतो.

आणि आतून? आतून कापड नको, पण इपॉक्सीचे दोन हात हवेतच, प्रत्येक कोपऱ्यात. नळीच्या बाजूने चार थेंब आत येणारच. बाहेरून बंद आणि आतून उघडं लाकूड ते पाणी पितं आणि मग ते बाहेर पडायला वाट नसते. हे काम बहुतेक जण डेक बसवून झाल्यावर आठवतात.

पाण्यात सोडायची घाई करू नका, आठवडाभर ठेवा. मग वजन करा, मोठ्या टबात तासभर तरंगत ठेवा, पुसा, परत वजन करा. काटा वाढला असेल तर कुठूनतरी पाणी शिरतंय.

मिस्त्रींचं रेझिन परत द्या. मॅट वाटल्यास ठेवा, न्हाणीघराच्या दाराला उपयोगी पडेल.

प्रश्न : मॅडम, मी मुंबईत नेव्हल एनसीसीमध्ये आहे. शिप मॉडेलिंगसाठी आमच्या होडीला जुलैमध्ये पॉलिस्टर आणि कापड लावलं. तीन दिवस झाले, अजून हाताला चिकटतंय. सीनियर म्हणतात वरून हार्डनर चोळ. चोळू का?
– एक कॅडेट, मुंबई

उत्तर : अजिबात नको. वरून चोळलेला हार्डनर आत जात नाही, हाताची कातडी मात्र घेतो.

आधी बघ, चिकट किती खोल आहे. नख दाबून बघ. आत टणक आणि वर फक्त गोंदासारखा थर असेल तर काम बिघडलेलं नाही. साध्या पॉलिस्टरचा हवेला लागलेला पदर असाच राहतो, हवेतला ऑक्सिजन त्याला पुरतं सुकू देत नाही. फडक्यावर ॲसिटोन घेऊन तो पुसून काढ, घास, आणि शेवटचा हात मेण घातलेल्या रेझिनचा दे. दुकानात 'वॅक्स सोल्यूशन' मागितलं की मिळतं. मेण वर तरंगतं आणि हवा तोडतं. नंतर ते घासून काढलं की झालं. नख आत रुतत असेल तर मात्र कॅटलिस्ट (तुझे सीनियर म्हणतात तो हार्डनर) कमी पडलंय किंवा नीट ढवळलेलं नाही. पावसाळी ओल त्यात भर घालते. तो थर खरवडून काढायचा, दुसरा उपाय नाही.

आता कान उघडे ठेवून वाच. आपल्याकडे पॉलिस्टर बऱ्याचदा तीन बाटल्यांत मिळतं : रेझिन, सुकण्याला वेग देणारं जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखं कॅटलिस्ट. कोबाल्ट रेझिनमध्ये आधी पूर्ण मिसळायचं, मगच कॅटलिस्ट, रेझिनच्या एक ते दोन टक्के. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, एकाच चमच्यानेसुद्धा नाही. भडका उडतो, स्फोट होतो. आणि कॅटलिस्टचा एक थेंब डोळ्याला कायमचा जायबंदी करू शकतो. चष्मा लाव. ही सूचना तुझ्या सीनियरना मोठ्याने वाचून दाखव.

प्रश्न : ठाण्यात वन-बीएचके फ्लॅट, घरात चार वर्षांची मुलगी. बाल्कनीत हे काम करता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पॉलिस्टर नाही. स्टायरीनचा वास तीन मजले जातो आणि त्याची वाफ पेटते. सोसायटीची नोटीस येईल ती निराळी. इपॉक्सीला वास कमी, बाल्कनीत होऊ शकतं, पण वास कमी म्हणजे निर्धोक नव्हे. इपॉक्सी कातडीला लागत राहिली तर एक दिवस ॲलर्जी उठते, आणि एकदा उठली की सहसा जात नाही. आमच्या धंद्यातली चांगली कारागीर माणसं यापायी काम सोडून गेली आहेत. नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताला लागलंच तर साबण-पाणी. थिनरने हात धुवायचे नाहीत, थिनर ते कातडीच्या आत नेतो.

घासणं कोरडं करू नका, काचेची धूळ बाल्कनीतून थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर जाते. पाणी लावून घासा, मास्क लावा, आणि तो चिखल पुसून कागदात बांधून टाका, मोरीत सोडू नका. खाज सुटली तर गार पाण्याने धुवा, चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, कुसं निघतात. उरलेलं रेझिन घट्ट होऊ द्या, मगच कचऱ्यात. आणि मुलीला त्या दिवशी आजीकडे पाठवा.

प्रश्न : थर्माकोल कोरून सुंदर आकार केला, त्यावर रेझिन लावलं आणि डोळ्यांदेखत तो विरघळला. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नवा थर्माकोल आणा. पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खातं, इपॉक्सी खात नाही. इपॉक्सीने कापड चढवा, आठवडाभर पिकू द्या, मग हवं तर आतला थर्माकोल थोडा थोडा ॲसिटोन घालून गच्चीवर, आगीपासून लांब, विरघळवून काढा. आतून मोकळं कवच मिळेल. पण इथे पाठीला लाकूड नाही, सगळी मजबुती काचेचीच. तेव्हा वरच्या रत्नागिरीकरांना सांगितलेला एक थर तुम्हाला चालणार नाही. २०० ग्रॅमच्या कापडाचे दोन-तीन थर घाला आणि काठाला आतून लाकडी पट्टी चिकटवा, नाहीतर होडी बोटांत दबेल.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या दरवाजाच्या सागवानातून होडी केली आहे. रंग लावायचा नाही, लाकूड दिसायला हवं. काचकापड लावलं तर दिसेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : दिसेल, कापड ५० ग्रॅमच्या आतलं आणि रेझिन इपॉक्सी असेल तर. सागवान तेलकट, म्हणून रेझिन लावायच्या जरा आधी स्वच्छ फडक्याने ॲसिटोन फिरवा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. आणि तो उडून गेला की लगेच पहिला हात. भेगा भरायला त्याच दरवाजाचा भुसा वापरा, दुसरा घेतलात तर डाग दिसतील. लांबी आणि टाल्कम पावडर चालणार नाही, पांढरट दिसतात. उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते, तेव्हा वरून ऊन अडवणाऱ्या क्लिअर व्हार्निशचे दोन-तीन हात लागतीलच. कापडाचा जोड मात्र कितीही घासलात तरी तिरप्या उजेडात थोडा दिसतो. तो कीलवर घ्या, होडी उलटी करून कोणी बघत नाही.